प्राग ते बार्सिलोना : साडेसत्तावीस तास

माझी आई ब्लाझेना प्शेरोवच्या रेल्वे कचेरीत चौतीस वर्षं वेळापत्रक आखायचं काम करत होती. भिंतभर मोठा कागद असायचा. त्यावर आडवे तास, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. दोन रेघा चुकीच्या जागी एकमेकींना छेदल्या, तर खऱ्या जगात दोन गाड्या समोरासमोर यायच्या. त्यामुळे आईला मिनिटाची किंमत होती. आमच्या घरात 'पाचएक मिनिटांत येते' असं कुणी म्हणायचं नाही. चार म्हणायचं किंवा सहा.

बाबा नेमके उलट. बोहुश त्यांचं नाव, धंदा मालट्रक हाकण्याचा. गुरुवारी येतो म्हणून जायचे आणि शनिवारी उगवायचे. कधी सीमेवर ट्रक अडकलेला, कधी पट्टा तुटलेला, कधी कारण विचारायचीही सोय नाही. आई जेवण झाकून ठेवायची, गरम करायची, परत झाकायची. मी नऊ वर्षांची असताना एका शनिवारी ते दारात उभे राहिले तेव्हा तिनं त्यांची बॅग बाहेरच ठेवलेली होती. ती ओरडली नाही. "ही गाडी रद्द," एवढंच म्हणाली. बाबा पश्चिमेला रोकित्सानीत जाऊन राहिले आणि आम्ही दोघी प्शेरोवलाच राहिलो.

आई सत्तावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. तोवर ती एकदाही विमानात बसली नव्हती. आधी सरकार देशाबाहेर सोडत नव्हतं, नंतर पगार पुरत नव्हता, आणि पेन्शन सुरू झाल्यावर तर प्रश्नच मिटला. दोन वर्षं तिनं बागेत काढली आणि कंटाळून गेली. मग दवाखान्याच्या फळ्यावर तिला एक कागद दिसला. बोन मॅरो, म्हणजे हाडांतला मगज, देणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या एका संस्थेला बिनपगारी माणसं हवी होती. दाता एका देशात असतो, रुग्ण दुसऱ्या. दात्याच्या शरीरातून काढलेल्या पेशी एका छोट्या थंड पेटीत घालून, हातात धरून, विमानानं पोचवायच्या. तिकीट संस्थेचं.

मुलाखतीत त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे काम का करावंसं वाटतं?"

"मला विमानात बसायचंय," आई म्हणाली.

समोर यिट्का नावाची तरुण बाई बसली होती. सगळ्या फेऱ्यांची आखणी तिच्याकडे असायची. तिनं नंतर मला सांगितलं, की त्या दिवशी अकरा जण आले होते आणि दहा जण माणुसकीवर बोलले. खरं बोललेली एकटी तुझी आई, म्हणून तिला घेतलं.

पहिली फेरी रोमची झाली. परत आल्यावर आईनं मला विमानाबद्दल काही म्हणजे काही सांगितलं नाही. तिनं सांगितलं ते असं : प्राग ते रोम सरळ रेषेत नऊशे वीस किलोमीटर, हवेत पावणेदोन तास, पण दार ते दार सहा तास पाच मिनिटं. "विमानाला लागणारा वेळ सगळ्यात कमी गं," ती म्हणाली, "बाकीचा वेळ माणसं खातात." तेव्हापासून ती प्रत्येक शहराचं असंच सांगायची. हेलसिंकी तेराशे, दोन तास दहा. लंडन हजार पस्तीस, दोन तास. माझ्या मैत्रिणी लंडनला जाऊन आल्या की राणीच्या वाड्याबद्दल बोलायच्या. आईला लंडनमध्ये एका इस्पितळाचा मागचा दरवाजा आणि तिथली लिफ्ट ठाऊक होती.

नियम कडक होते. पेटी नजरेआड करायची नाही. क्ष-किरणाच्या यंत्रातून जाऊ द्यायची नाही, त्यासाठी चार भाषांतलं पत्र बरोबर असायचं. प्रवासात दारूचा थेंब नाही. पेटीच्या झाकणावर तापमानाचा आकडा दिसायचा. तो दोन आणि आठ अंशांच्या मधे राहिला पाहिजे. दर तासाला तो आकडा कागदावर लिहायचा. रुग्ण कोण, दाता कोण, हे विचारायचं नाही आणि कुणी सांगायचंही नाही.

दोन हजार दहाच्या एप्रिलपर्यंत तिच्या तेवीस फेऱ्या झाल्या होत्या. चोविसावी बार्सिलोनाची होती.

त्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी प्रागच्या इस्पितळात तिनं पेटी ताब्यात घेतली. विमान दुपारी पावणेदोनचं होतं. फेरी असली की आई आदल्या दिवशी माझ्याकडे प्रागला मुक्कामाला यायची आणि मी तिला माझ्या गाडीनं विमानतळावर सोडायची. आइसलंडमधला ज्वालामुखी दोन दिवस राख ओकत होता हे आम्ही बातम्यांत ऐकलं होतंच. लंडन बंद पडलं होतं, पॅरिस बंद पडलं होतं. प्राग चालू होतं. आम्ही विमानतळाच्या रस्त्याला लागलो तेव्हा रेडिओवर सांगितलं, की बारा वाजल्यापासून आपलंही आकाश विमानांसाठी बंद.

वर पाहिलं तर आकाश निळंशार होतं. एक ढग नव्हता.

आईनं आधी घड्याळ बघितलं, मग यिट्काला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला.

"ब्लाझेनाबाई, तुम्ही आहात तिथंच थांबा," यिट्का म्हणाली. "मी सगळीकडे फोन करतेय. जर्मनीचे पोलीस गाडी देतील म्हणतात, पण उद्याच्या आधी नक्की नाही."

"पेशी किती तास टिकतात? खरं सांग."

"अठ्ठेचाळीस तासांच्या आत गेल्या पाहिजेत. जितक्या लवकर तितकं बरं." कागद उलटल्याचा आवाज आला. "आणि तिकडे रुग्णाचा जुना मॅरो मारायची औषधं देऊन झालीत. त्या माणसाच्या हाडात आता स्वतःचं काही उरलेलं नाही. मागे नाही फिरता येत."

तिच्या मांडीवर पेटी होती आणि तिचे दोन्ही हात पेटीवर. मग ती स्वतःशीच बोलावं तसं बोलू लागली. "रेल्वेनं म्युनिक, झुरिक, जिनिव्हा, लिऑन. सहा ठिकाणी गाडी बदलायची. फ्रान्समध्ये रेल्वेवाल्यांचा संप. आज सगळा युरोप गाडीतच चढलेला असणार. म्हणजे रेल्वे नाही." चौतीस वर्षं रेल्वेत काढलेल्या बाईनं रेल्वे अर्ध्या मिनिटात खोडली. "हवेतून साडेतेराशे किलोमीटर. रस्त्यानं सतराशे वीस. ताशी नव्वद धरले तर एकोणीस तास."

"आई, भाड्याची गाडीसुद्धा मिळायची नाही आज. आणि माझी ही खटारा गाडी तासाभरावरच्या प्लझेन्यपर्यंत पोचली तरी नवस फेडावा लागेल."

"माहितीय." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "तुझ्या बापाचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

सत्तावीस वर्षांत ती दोघं तीनदा भेटली होती : माझी शाळा संपली तेव्हा, माझ्या लग्नात आणि माझ्या घटस्फोटाच्या वेळी. फोन मीच लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"बार्सिलोना," ते म्हणाले. "संत्री आणायला जायचो. एकोणीसशे ब्याण्णव ते दोन हजार एक, महिन्यातून दोनदा. आईला दे."

आईनं फोन कानाला लावला. "बोहुश, मी ब्लाझेना."

"आवाजावरून कळलं, स्टेशनमास्तरीणबाई. कधी निघायचं?"

"आम्ही एक वाजून चाळीस मिनिटांनी तुझ्या दारात असू. तू तयार असशील की शनिवारी येऊ?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला.

आम्ही एक अडतीसला पोचलो. बाबा फाटकाबाहेर उभे होते. त्यांची जुनी डिझेल ऑक्टाविया धुतलेली, टाकी भरलेली, टायरांत हवा घातलेली, आणि हातात कागदी पिशवी. पिशवीत श्निट्सेल, म्हणजे तळलेले मांसाचे काप घातलेले पाव, लोणच्याच्या काकड्या आणि चहाचा थर्मास. अडुसष्ट वर्षांचा माणूस तासाभरात हे सगळं करून बसला होता.

"लसूण घातलाय?" आईनं पिशवीत नाक घालून विचारलं.

"न घालता श्निट्सेल तुझ्या घरी होतात."

आई पेटी घेऊन मागे बसली. मधल्या सीटवर पेटी ठेवून तिनं तिला पट्टा बांधला आणि एक हात तिच्यावर ठेवला. मी पुढे बाबांशेजारी. गाडीतला गरम हवेचा झोत बंद, खिडक्या बोटभर उघड्या, कारण आत ऊब नको. आम्ही तिघंही कोट घालून बसलो.

"ताशी सरासरी नव्वद ठेवायची," आई म्हणाली.

"हे बघ. तू पेटी सांभाळ, मी रस्ता सांभाळतो. माझी सरासरी काढत बसायची नाही."

"मग कोण काढणार? तुला तर वारसुद्धा नीट लक्षात राहायचा नाही."

"रादका, हिला एक श्निट्सेल दे. तोंड भरलेलं राहू दे."

जर्मनीत सगळा रस्ता गाड्यांनी भरलेला होता. उडू न शकलेली माणसं जमिनीवर उतरली होती. हाइलब्रॉनजवळ आम्ही तास-सव्वा तास मुंगीच्या पावलांनी गेलो. आई दर तासाला आकडा लिहीत होती : तीन पूर्णांक नऊ, चार, चार पूर्णांक एक. शेजारच्या गाडीत सूट घातलेला एक माणूस टाय सोडून झोपला होता आणि त्याची बायको चालवत होती. मी हळूच मागे पाहिलं तर आईच्या गालाचा स्नायू उडत होता. मिनिटं वाया जाताना तिला खरोखरच दुखतं.

"बोहुश, तुला हे असं रोज व्हायचं का?" तिनं एकदम विचारलं.

"काय?"

"हे. नुसतं बसून राहणं."

पुढची गाडी दोन हात सरकली, तसे आम्हीही सरकलो.

"सीमेवर यापेक्षा वाईट. एकदा एकतीस तास. तुझ्या त्या कागदावर दोन स्टेशनांच्या मधे नुसती रेघ असते, ब्लाझेना. मी त्या रेघेवर राहायचो."

"आणि फोन करायला काय झालं होतं? तुझ्या रेघेवर एकही टपाल कचेरी नव्हती?"

"टपाल कचेरी होती," बाबा म्हणाले. "अक्कल नव्हती."

आई हसली नाही. पण पुढच्या तासाचा आकडा लिहून झाल्यावर तिनं एक काकडी कापून पुढे सरकवली, आणि ती बाबांसाठी होती.

कार्लस्रुहेनंतर मी चालवायला घेतलं, फ्रान्समध्ये शिरल्यावर पुन्हा बाबांनी. बझाँसोंच्या पुढे त्यांची मान दोनदा खाली गेली, तेव्हा आईनं गाडी थांबवायला लावली आणि आम्हा दोघांना चार तास झोपायचा हुकूम सोडला. बाबा म्हणाले, दोन पुरेत. आई म्हणाली, चार. ती स्वतः पेटीजवळ जागी राहिली. मला जाग आली तेव्हा पूर्वेकडे फटफटत होतं आणि ती मांडीवरच्या कागदावर लिहीत होती : पाच पूर्णांक सहा.

सहाच्या सुमाराला रस्त्याला फाटा फुटला. सरळ गेलं की लिऑन. बाबांनी गाडी कडेला घेतली.

"आज शनिवार. इकडे सुट्ट्या लागल्यात," ते म्हणाले. "अर्धा फ्रान्स समुद्राकडे निघालेला असणार, आणि सगळे लिऑनच्या गळ्यातून जाणार. मी ग्रेनोबलवरून नेतो."

आईनं नकाशा पसरला. "पन्नास किलोमीटर जास्त आहे."

"हो. आणि दीड तास कमी."

"हे तुला कसं माहीत? बघितलंस का? रेडिओवर सांगितलं?"

"नाही. नऊ वर्षं महिन्यातून दोनदा, एवढंच."

मी दोघांकडे बघत होते. आईनं आयुष्यात एकदाही जवळची वाट सोडून लांबची धरलेली नव्हती. तिच्या धंद्यात तो गुन्हा होता. तिनं नकाशावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मग तिनं पेटीकडे पाहिलं.

"चल ग्रेनोबलवरून," ती म्हणाली. "पण चुकलास ना, तर..."

"तर गाडी रद्द. माहितीय."

सात वाजता यिट्काचा फोन आला तेव्हा तिनं विचारलं, लिऑनच्या अलीकडे आहात की पलीकडे, कारण तिथं अठरा किलोमीटरची रांग लागली आहे म्हणे. आई म्हणाली, "आम्ही लिऑनला नाहीच. ड्रायव्हरला रस्ता माहीत आहे." बाबांनी ऐकलं आणि आरशाचा कोन उगीच बदलला.

डोंगर उजाडले, हिरवे झाले, मग मागे पडले. दक्षिणेकडे उतरताना ऊन चढू लागलं आणि पेटीवरचा आकडाही. सहा पूर्णांक चार. सहा पूर्णांक नऊ. आतल्या थंड पिशव्या चोवीस तासांच्या असतात. आमचा एकविसावा चालू होता. माँतेलिमारच्या जवळ, साडेआठ वाजता, आकडा सात पूर्णांक चारवर आला.

बाबांनी गाडी पेट्रोल पंपावर घातली, पळत आत गेले आणि बर्फाची मोठी पिशवी खांद्यावर टाकून आले. चेहऱ्यावर असा आनंद, जसा काही खजिनाच लुटून आणला.

"बर्फ नको!" आई ओरडली. तेवीस फेऱ्यांत कधी चढला नसेल तेवढा आवाज चढला. "लांब ने तो! गोठल्या की मेल्या सगळ्या!"

बाबा पिशवी धरून तसेच उभे. बर्फाचं पाणी त्यांच्या पाठीवरून विजारीत उतरत होतं. "मग काय पाहिजे ते सांग ना, बाई. थंड पाहिजे म्हणतेस, थंड आणलं तर ओरडतेस. संसारातही असंच होतं."

यिट्कानं फोनवर सांगितलं : फ्रीजमधल्या पिशव्या हव्यात, चार-पाच अंशांच्या, बर्फाच्या नकोत. औषधांच्या दुकानात लशी ठेवतात, तिथं मिळतील. आम्ही गावात शिरलो. चौकात हिरव्या क्रॉसची पाटी दिसली. दुकान नऊला उघडणार होतं, नऊला सात कमी होते, आणि पांढऱ्या कोटातली पन्नाशीची एक बाई किल्ली लावत होती. बाहेर चार-पाच म्हातारी माणसं औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन उभी होती.

बाबांचं फ्रेंच ट्रकवाल्यांचं. त्यात जेवण मागता येतं आणि शिवी देता येते. ते पुढे झाले तसं आईनं त्यांना कोपरानं मागे सारलं आणि चार भाषांतलं पत्र त्या बाईपुढे धरलं. बाईनं चष्मा लावला. पत्र वाचलं. पेटीवरचा आकडा वाचला : सात पूर्णांक सात. मग तिनं आईचा दंड धरून तिला आत ओढलं, आम्हालाही घेतलं आणि रांगेतल्या लोकांच्या तोंडावर दार लावून घेतलं. बाहेरून एक म्हातारा काचेवर काठी आपटू लागला. तिनं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

मागच्या खोलीत लशींचा फ्रीज होता. तिनं सहा निळ्या पिशव्या काढल्या, एकेकीवर तापमापी लावून पाहिली, दोन परत ठेवल्या आणि चार दिल्या. आईनं हात धुतले, हातमोजे घातले आणि पेटी उघडली.

तेवीस वेळा तिनं ही पेटी देशोदेशी नेली होती, आणि आत काय असतं ते कधी पाहिलं नव्हतं. नियमानं उघडायची नसते. आतल्या डब्यात एक पारदर्शक पिशवी होती. गडद लाल, आळुबुखाराच्या रसासारखी. अर्धा लिटर असेल नसेल. त्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा. आम्ही चौघं वाकून बघत होतो. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली. चर्चमध्येसुद्धा ती काढायची त्यांना आठवण करून द्यावी लागते.

आईनं जुन्या पिशव्या काढल्या, नव्या चारी बाजूंनी लावल्या, झाकण बंद केलं. सगळं मिळून चाळीस सेकंद. मग ती खाली बसली. जमिनीवरच, कपाटाला टेकून.

"आई?"

"काही नाही. एक मिनिट." तिनं हातमोजे काढले. "मी आजवर पेटी नेत होते गं. नुसती पेटी."

त्या बाईनं तिला पाण्याचा पेला दिला. बाबांनी पाकीट काढलं तर तिनं हातानंच नको म्हटलं, आणि फ्रेंचमध्ये काहीतरी लांबलचक बोलली. त्यातलं 'जा' एवढं मला कळलं. बाबांनी तिचा हात दोन्ही हातांत धरून तीनदा 'मेर्सी' म्हणत आभार मानले. आम्ही बाहेर पडलो तेव्हा काठीवाला म्हातारा तावातावानं काही बोलायला पुढे आला. दुकानवाल्या बाईनं त्याला पेटीकडे बोट दाखवून दोन वाक्यं सांगितली. तो बाजूला झाला आणि त्यानं गाडीचं दार उघडून धरलं.

अर्ध्या तासात आकडा पाचवर आला. आईनं तो लिहिला आणि पुढच्या सीटच्या पाठीवर कपाळ टेकून वीस मिनिटं झोपली. त्या दिवशी पेटीवर पहिल्यांदाच तिच्याऐवजी माझा हात होता.

स्पेनच्या हद्दीपासून बाबा गुणगुणू लागले. हे रस्ते त्यांच्या तळहातावर लिहिलेले होते. कुठल्या वळणावर पोलीस उभे असतात, कुठल्या खानावळीत मसूर चांगला, सगळं सांगत होते. शहरात शिरल्यावर मात्र ते दोनदा चुकले, कारण ट्रक घेऊन ते इस्पितळात कधी गेले नव्हते. तिसऱ्यांदा आईनं खिडकीतून एका टॅक्सीवाल्याला पत्र दाखवलं आणि तो दिवे लावून आमच्या पुढे धावला.

दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटांनी मागच्या दारातून आम्ही आत गेलो. लांब वेणीची एक मुलगी प्रयोगशाळेतून आली. तिनं पेटीवरचा आकडा पाहिला, आईचा कागद पाहिला, सत्तावीस ओळी वरून खाली बोटानं तपासल्या. मग इंग्रजीत विचारलं, "विमान कुठलं होतं?"

आईचं इंग्रजी बेताचं. "ऑक्टाविया," ती म्हणाली.

मुलीनं तेच लिहून घेतलं. सह्या झाल्या. पेटी आत गेली आणि दार बंद झालं. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. आई तिथंच उभी राहिली, रिकामे हात पुढे धरून. जणू अजून काही घ्यायचं राहिलंय.

"चला," बाबा म्हणाले, "समुद्र दाखवतो."

"मला झोपायचंय."

"समुद्रावर झोप."

ती खरंच वाळूत झोपली, बाबांचा कोट अंगावर घेऊन, बूट न काढता. बाबा शेजारी बसून राहिले. लोक पोहायच्या कपड्यांत इकडून तिकडे जात होते आणि हिवाळी कोटातल्या या दोन म्हाताऱ्यांकडे बघत होते. मी दोघांना तिथंच सोडून पाव आणायला गेले. परत आले तेव्हा आई उठून बसली होती आणि दोघं भांडत होती. परतीच्या वाटेवर लिऑनवरून जायचं की ग्रेनोबलवरून.

परत यायला तीन दिवस लागले, कारण घाई नव्हती. बाबांनी आम्हाला त्या मसुराच्या खानावळीत नेलं. आईला मसूर आवडला नाही. तिनं ते सांगितलंही.

संस्थेत कुणाकुणाला वाटलं, की बाबांनाही अडीअडचणीच्या फेऱ्यांसाठी घ्यावं. त्यांनी अर्ज केला. रक्तदाब जास्त निघाला. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग आई त्यांच्या डॉक्टरवर रागावली, मग त्यांच्यावर, आणि मीठ कमी करण्याबद्दल दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन जाऊ लागला. ती दोघं पुन्हा एकत्र आली का, असं मला अजून विचारतात. नाही. आई म्हणते, एका घरात आम्ही एकमेकांचा जीव घेतला असता. पण तो फोन चुकला नाही, आणि पलीकडे घंटा दोनदा वाजायच्या आत उचलला जायचा.

जूनमध्ये यिट्काचा फोन आला, तेव्हा मी प्शेरोवलाच होते. आई अंगणात बसून चेरीच्या बिया काढत होती, कोपरापर्यंत लाल झालेली. नियमाप्रमाणे यिट्काला एकच वाक्य सांगता येत होतं : एप्रिलच्या त्या पेशी रुजल्या आहेत. बाई आहे की पुरुष, लहान की मोठं, काही नाही.

"बरं," आई म्हणाली. फोन माझ्याकडे दिला आणि पुढची चेरी उचलली.

"आई, अगं त्या माणसाला कधीतरी कळलं पाहिजे, की तुम्ही दोघांनी..."

"टपाल्याला कुणी पत्र लिहितं का? ज्यानं हाडातनं काढून दिलं त्याला लिहू दे." तिनं चार-पाच बिया काढल्या. मग हात फडक्याला पुसले. "रोकित्सानीला सकाळची गाडी किती वाजता आहे बघ जरा. एकदा बदलावी लागते, प्रागला. ही बातमी फोनवर सांगायची नाही त्याला. रक्तदाब आहे त्याला."

दुसऱ्या दिवशी ती चेरीचा केक डब्यात घालून गेली. डब्याला तिनं दोन वेळा दोरी बांधली आणि डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. वर ठेवायला जागा होती, पण तिनं ठेवला नाही.